जुना सीसीटीव्ही कॅमेरा काढण्याआधी एवढं वाचा
(आमच्या कोल्हापुरातल्या गिऱ्हाइकांसाठी)

दुकान नवं घेतलं, भाड्याचं ऑफिस ताब्यात आलं किंवा सोसायटीची कमिटी बदलली की आम्हाला हमखास फोन येतो: "कोपऱ्यात एक जुना कॅमेरा आहे. चालू आहे का बंद, कुणालाच माहीत नाही. तेवढा काढून टाका." काढायला दहा मिनिटं पुरतात. पण त्याआधी काही गोष्टी बघून घ्याव्या लागतात. त्या राहून गेल्या तर त्रास तुम्हाला होतो, म्हणून हे पत्रक.

जुना म्हणजे किती जुना?

डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या पेटीच्या) मागे फिरवून बसवायच्या गोल धातूच्या पिनांची, म्हणजे बीएनसीची, रांग दिसली की लोक सगळंच मोडीत काढतात. घाई करू नका. आजचे एचडी ॲनालॉग कॅमेरेही त्याच पिनेवर चालतात. कॅमेऱ्याच्या लेबलवर ४२०, ६०० किंवा ७०० टीव्हीएल (चित्राच्या स्पष्टतेचं जुनं माप) असं लिहिलेलं असेल तर मात्र तो खरोखर जुना. त्याचं चित्र जास्तीत जास्त ९६० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे साडेपाच लाख. आजच्या साध्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात ते २० लाखांच्या वर असतात. त्यातून बरेच जुने डीव्हीआर जागा वाचवायला ३५२ बाय २८८ वरच रेकॉर्ड करायचे. अशा चित्रात गाडी आलेली दिसते, गाडीचा नंबर वाचता येत नाही. आणखी एक खूण: चित्र बघायला इंटरनेट एक्सप्लोररच लागत असेल, तर तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ लाच निवृत्त केला आहे.

बंद दिसतो, पण बंद आहे का?

रात्री दिवे घालवून कॅमेऱ्याकडे बघा. काचेभोवती मंद लाल ठिपके दिसले तर त्याला वीज मिळते आहे. मग डीव्हीआर शोधायचा. माळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या वर, जिन्याखालच्या कपाटात, मीटरच्या खोलीत, कुठेही सापडतो. अनेकदा तो इन्व्हर्टरवर असतो, त्यामुळे मेन स्विच बंद केला तरी चालूच राहतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा, की ते चित्र अजून कोण बघतंय? जुन्या भाडेकरूच्या, सोडून गेलेल्या मॅनेजरच्या किंवा माजी सेक्रेटरींच्या मोबाइलवर ॲप तसंच असतं. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही, पण तुमचा गल्ला आणि घरातल्या माणसांची ये-जा त्यांना दिसावी असं काही कारण नाही. दुसरं दार राउटरमध्ये असतं. घरून चित्र दिसावं म्हणून कुणीतरी पोर्ट उघडून दिलेला असतो, आणि डीव्हीआर काढला तरी तो उघडाच राहतो. जगभरातल्या अशाच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांमध्ये, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून, २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा व्हायरस शिरला. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच यंत्रांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. ज्यांची यंत्रं यात वापरली गेली, त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

म्हणून आम्ही स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी डीव्हीआरची नेटवर्क केबल काढतो, राउटरमधला तो पोर्ट बंद करतो, आणि ॲपवरून यंत्राची नोंद काढायला जुन्या मालकाला सांगतो. हा फोन तुम्ही स्वतः केलात तर काम लवकर होतं.

रेकॉर्डिंगचं काय करायचं?

इथे आमच्या हातून एकदा चूक झाली होती. मालक "टाकून द्या" म्हणाले, आम्ही डीव्हीआर उचलून नेला आणि डिस्क पुसली. आठ दिवसांनी समोरच्या दुकानातल्या चोरीसाठी पोलिसांनी त्याच कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं. द्यायला काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो: शेजारी किंवा गल्लीत काही घडलंय का? वाद, अपघात, पोलीस तक्रार? तुमची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही.

डिस्क काढण्याआधी डीव्हीआरवरची वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक लिहून ठेवा, स्क्रीनचा फोटो काढा. जुन्या डीव्हीआरमधला बटन सेल संपलेला असतो, त्यामुळे वीज गेली की घड्याळ भलत्याच सालात जातं. चित्रीकरणातल्या वेळेला किती महत्त्व येऊ शकतं हे जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात दिसलं. उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आला की नंतर, हा त्यातला वाद होता आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. अशा पुराव्याची प्रत दिली तर सोबत प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या निकालात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. त्या प्रमाणपत्रावर यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याचीही सही लागते, म्हणजे तुमची.

पुरात बुडालेला डीव्हीआर

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरी भागातून आमच्याकडे चिखलाने भरलेले डीव्हीआर आले. काहींनी ते उन्हात वाळवून चालू करून बघितले होते, आणि तिथेच डिस्क गेली. आतला गाळ डिस्कच्या तबकडीवर घासतो. रेकॉर्डिंग हवं असेल तर यंत्र चालू करू नका, आहे तसं आणून द्या. डेटा काढणाऱ्या माणसाकडे न उघडलेली डिस्क गेली तर आशा असते.

काढताना

एमसीबी आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. बीएनसीच्या धातूला हात लावून झिणझिण्या आल्या तर सोडून द्या आणि आम्हाला बोलवा. वीज अजून कुठून तरी चालू असते आणि एसएमपीएसमधून (कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या पेटीतून) गळत असते. जुना काचेच्या पिक्चर ट्यूबचा मॉनिटर असेल तर त्याचं झाकण कुणीही उघडू नये, बंद केल्यावरही आत विजेचा मोठा दाब राहतो. बाहेरच्या कॅमेऱ्यावर गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं, शिडीवर चढण्याआधी खालून नीट बघा.

आणि केबल तोडू नका! थ्री प्लस वन केबल (चित्राची एक तार आणि सोबत तीन बारीक तारा असलेली) घरात, सावलीत टाकलेली असेल तर बहुतेक वेळा नव्या एचडी कॅमेऱ्याला चालते आणि भिंती पुन्हा फोडाव्या लागत नाहीत. गच्चीवर उन्हाने तडकलेली, आतलं तांबं हिरवं पडलेली केबल मात्र बदलायलाच हवी. आम्ही आधी तपासतो, मगच नव्या केबलचा खर्च सांगतो.

डिस्क भंगारात देऊ नका

फॉरमॅट मारल्याने चित्रं जात नाहीत, फक्त यादी जाते. आम्ही पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितो. १ टीबीला साधारण तीन तास लागतात, तुम्ही समोर बसू शकता. डिस्क बंद पडलेली असेल तर तुमच्यासमोर तबकडीतून ड्रिल मारतो. बाकीचं सामान नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे जातं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत तशीच व्यवस्था आहे. भंगारात गेलेली केबल तांब्यासाठी जाळली जाते आणि त्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो.

आम्ही येण्याआधी राउटरचा पासवर्ड, माळ्याची किल्ली आणि सोसायटी असेल तर कमिटीचं पत्र तयार ठेवा. शक्य असेल तर काम मे महिन्यात उरकून घ्या. कॅमेरा निघाला की भिंतीत भोक उरतं. ते त्याच दिवशी बुजवलं नाही तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी पाइपातून थेट विजेच्या बोर्डापर्यंत येतं. भोकं बुजवायचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.