रंग उतरला, पण गेला कुठे? शोषक माती आणि उत्प्रेरक माती

मिथिलीन ब्लू या रंगाच्या निळ्या पाण्यात बेंटोनाइट या मातीची पूड टाकून ढवळली की पाणी निवळतं. तळाशी बसलेली पूड मात्र निळी दिसते. रंग नष्ट झालेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. हे अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर चिकटून बसणं. बेंटोनाइटमधल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे आणि ऋणभारित असतात, म्हणून धनभारित रंग त्यांना घट्ट चिकटतो. ऋणभारित रंगापुढे ही माती हात टेकते. मग तिच्यातले सोडियम-कॅल्शियम काढून लांब शेपटीचे अमोनियम क्षार बसवतात. अशी माती सुधारित खरी, पण तीही शोषकच. भरली की संपली, आणि ते विषारी ओझं कुठे टाकायचं हा प्रश्न उरतोच.

दुसरी उत्प्रेरक माती, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणणारी. तिच्यात थरांमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे बारीक खांब उभे केलेले असतात. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की या लोहावर त्याचे तुकडे होऊन हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात, आणि ती समोर येईल त्या सेंद्रिय रेणूला फोडत सुटतात. ही फेंटन या रसायनशास्त्रज्ञाची जुनी अभिक्रिया, 1894 सालची. नुसतं विरघळलेलं लोह वापरलं तर पाणी 3 पीएचच्या आसपास आम्ल ठेवावं लागतं, आणि शेवटी ते उदासीन करताना लोहाचा लालसर गाळ साचतो. लोह मातीत अडकवण्याचा सगळा खटाटोप बराचसा हा गाळ टाळण्यासाठी. माती गाळून पुन्हा वापरता येते, पेरॉक्साइड मात्र दर वेळी नव्याने घालावंच लागतं. अशा मातीच्या जाहिरातींत हे सहसा नसतं.

घोटाळा होतो तो उत्प्रेरक मातीही थोडंफार शोषते म्हणून. नुसता रंग उतरलेला पाहून काहीच सिद्ध होत नाही. तोच प्रयोग पेरॉक्साइडशिवाय करून बघावा: तेवढाच रंग उतरला, तर ते शोषणच. शिवाय पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा. रंग देणारा बंध तुटला की पाणी स्वच्छ दिसतं, पण रेणूचे रंगहीन तुकडे त्यातच असू शकतात, आणि तेही कधी कधी घातक असतात. तिसरी चाचणी बरेचजण टाळतात. अभिक्रिया अर्ध्यावर असताना माती गाळून काढायची. त्यानंतरही रंग त्याच वेगाने उतरत राहिला, तर काम माती करत नाही, तिच्यातून पाण्यात सुटलेलं लोह करतंय.