जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११: माशी नेमकी कुठे शिंकते?

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. 'या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही' एवढं वाचून धडधाकट लॅपटॉप भंगारात काढणं मला पटत नाही. कारण त्या नकारामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे कंपनीने घातलेली अट आणि दुसरी म्हणजे प्रोसेसरला खरोखरच न जमणारं काम. पहिलीतून वाट निघते, दुसरीतून निघत नाही. म्हणून आधी आपलं काम कुठल्या टप्प्यावर अडलंय ते पाहावं.

इन्स्टॉलेशन सुरू व्हायच्या आतच नकार आला, तर ती बहुधा अट असते. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देण्याची) सोय लागते आणि प्रोसेसर मान्य यादीतला लागतो: इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. टीपीएम म्हणजे एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डेटा कुलूपबंद करण्याच्या, किल्ल्या सांभाळणारा सुरक्षित कप्पा. सहाव्या-सातव्या पिढीच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये तो फर्मवेअरमध्येच असतो, फक्त बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये) 'पीटीटी' या नावाखाली बंद करून ठेवलेला असतो. तो चालू केला की निम्मं काम झालं. पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटची मांडणी बदललेली दिसली की टीपीएम डिस्कची किल्ली द्यायला नकार देतं, आणि ती की जवळ नसेल तर सगळा डेटा गेला.

प्रोसेसरच्या यादीचं तर्कशास्त्र मात्र इतकं सरळ नाही. सातव्या पिढीतला कोअर आय७-७८२०एचक्यू काही निवडक मशीनपुरता यादीत आहे, त्याच पिढीतले त्याचे बहुतेक भाऊबंद बाहेर आहेत. म्हणजे यादीबाहेरचा प्रत्येक प्रोसेसर दुबळा असतो असं नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'लॅबकॉन्फिग' नावाच्या नोंदी असतील तर इन्स्टॉलर ही तपासणी सोडून देतो. रुफस हे मोफत साधन पेनड्राइव्ह बनवतानाच ती सोय करून ठेवतं.

पेनड्राइव्ह बूटच होत नसेल किंवा डिस्क निवडताना 'एमबीआर'ची (डिस्कच्या जुन्या मांडणीची) तक्रार येत असेल, तर त्याचा या अटींशी संबंध नाही. यूईएफआय (बायोसची नवी जागा घेणाऱ्या) पद्धतीने बूट केलेल्या विंडोजला जीपीटी, म्हणजे नव्या मांडणीची, डिस्क लागते. तसंच एफएटी३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीची एक फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल बहुतेकदा त्याहून मोठी असते, त्यामुळे हाताने कॉपी केलेला पेनड्राइव्ह दगा देतो.

आता खरी असमर्थता. २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोजला 'पॉपसीएनटी' ही प्रोसेसरची सूचना (इन्स्ट्रक्शन) लागते. एखाद्या संख्येच्या द्विमान रूपात १ किती वेळा येतो, एवढंच ती मोजते. १३ ही संख्या घ्या: द्विमान रूप ११०१, म्हणजे उत्तर ३. ही सूचना नसेल तर तेच उत्तर अनेक पायऱ्यांनी काढावं लागतं. इंटेलने ती २००८च्या नेहालेम प्रोसेसरपासून दिली, कोअर २ ड्युओमध्ये ती नाही. आधीच्या विंडोज ११ आवृत्त्या अटी वगळून कोअर २ ड्युओवर चालत होत्या, तेव्हा 'मागच्या वेळी तर झालं होतं' असं वाटणं साहजिक आहे. पण आता विंडोजचा गाभाच (कर्नल) या सूचनेसह तयार होतो. प्रोसेसरला अनोळखी सूचना मिळाली की तो 'अवैध सूचना' असा अपवाद उठवतो. एरवी असा अपवाद सावरायचं काम गाभ्याचं, इथे गाभाच अडकलेला. परिणामी लॅपटॉप लोगोवर थिजतो किंवा पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो. इथे रजिस्ट्रीची कुठलीही नोंद कामाला येत नाही. सिलिकॉनमध्ये जे नाही ते सॉफ्टवेअरच्या सेटिंगने येत नाही.

अशा मशीनवर डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीची ६४ बिट आवृत्ती टाकावी. २००३ साली आलेल्या मूळ ६४ बिट सूचनासंचापलीकडे ती काही मागत नाही.

आणि अटी वगळून विंडोज ११ बसलंच, तर वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येईल असं धरून चालू नका. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. नवी आवृत्ती बहुधा स्वतःच चढवावी लागते. तिच्या आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि त्या आवृत्तीने प्रोसेसरकडे नवीन काही मागितलंय का, तेही पाहा.