गंजलेल्या जीपची ओळख बोल्टला विचारा

गवतात रुतलेली, चाकं आणि सीटा गेलेली जुनी गाडी दिसली की आपण आधी तिच्यावरचं नाव शोधतो. तिथेच फसगत होते. बिल्ले चोरीला जातात, बोनेट दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं असतं आणि पन्नास-साठ वर्षं चाललेल्या गाडीत मूळ इंजिन सापडलं तर नशीब समजायचं. जे बदलायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, ते बघावं.

दुसऱ्या महायुद्धातली जीप घ्या. विलीस आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आराखडा एक, आणि एकीचे भाग दुसरीला बसतील असे. रंग उडालेले दोन सांगाडे शेजारी ठेवले तर दुरून काही कळत नाही. पण वाकून रेडिएटरच्या खालचा, चासीचा पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर विलीसची एमबी. उलटी पन्हळ असावी तशी चौकोनी पट्टी असेल तर फोर्डची जीपीडब्ल्यू. फोर्डने तर बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा आपलं ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर उमटवलं होतं. गंज खरवडला की ते अजूनही दिसतं.

अर्थात, एका ‘एफ’वर निकाल देऊ नये. दुरुस्तीत हाताला येईल तो बोल्ट लागतो. जिथे सहज पाना पोचत नाही, अशा अडचणीच्या जागेवरच्या बोल्टला मी जास्त वजन देईन.

पेट्रोल भरायचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली असेल तर जीप युद्धकाळातली. मागे उघडणारी फळी असेल तर बहुधा नंतरची, नागरी. महाराष्ट्रात भंगारात दिसते ती बरेचदा महिंद्राची, उंच बोनेटवाली सीजे-३बी. तिचं बोनेट उंच का? जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात होते. नव्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात गेला, इंजिनाची उंची वाढली आणि बोनेट उचलावं लागलं.

गाडी इंग्लंडची असेल तर आटे बोलतात. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंश, अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा ६०. आटे मोजायची दातेरी पट्टी बोल्टवर टेकवली की फरक कळतो. पण मॉरिस या इंग्रज कंपनीच्या इंजिनात एक गंमत आहे. पहिल्या महायुद्धानंतर मॉरिसची इंजिनं कॉव्हेंट्रीत हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीच्या कारखान्यात बनत. तिथली यंत्रं मेट्रिक. मग आटे मेट्रिक पाडले, आणि इंग्रज मिस्त्र्याचा पाना बसावा म्हणून डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवली. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला, तरी पद्धत तीच राहिली. मॉरिसच्याच घराण्यातल्या एमजीच्या टी मालिकेतल्या गाड्यांपर्यंत, म्हणजे १९५५पर्यंत. डोकं इंग्रजी आणि आटे मेट्रिक असा बोल्ट जुन्या इंजिनात निघाला, तर शोध मॉरिस घराण्यापाशीच सुरू करावा.

आता नंबर. ब्लॉकवर उठावात ओतलेला आकडा बहुतेक वेळा त्या भागाच्या नमुन्याचा असतो. तशा हजारो ब्लॉकांवर तोच सापडेल. एकट्या गाडीची ओळख असते ती ठोकून पाडलेल्या नंबरात. तो घासून काढला तरी सगळा जात नाही. पंच बसतो तेव्हा अक्षराच्या खालचं पोलादही दाबलं जातं, त्याची स्फटिकरचना विस्कटते. वरचा थर गेला तरी हा ताणलेला भाग आत राहतो, आणि आम्ल त्याच्यावर आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने काम करतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉपर क्लोराइडचं द्रावण बोळ्याने फिरवतात. हळूहळू आकडे उमटू लागतात. ते पुसटही होतात, म्हणून फोटो लगेच काढतात.

पंचाने दाबलेल्या थराच्याही खालपर्यंत गंजाने धातू खाल्ला असेल, तर द्रावण कितीही फिरवा, काही हाती लागत नाही. आणि हा प्रयोग परसात करू नये. आम्लाचा धोका आहेच. शिवाय घासलेला चासी नंबर घेऊन आरटीओत गेलात तर जीप कुठल्या कंपनीची, हे कुणी विचारणार नाही. ती कुणाकडून आणली, हे विचारतील.