मेड इन जर्मनी

जर्मनीत तयार झालेल्या मालावर मूळ देश दाखविण्यासाठी घालण्यात येणारी खूण. ब्रिटन व जर्मनी यांच्या औद्योगिक चढाओढीतून ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. निकृष्ट जर्मन मालाला बट्टा लावण्यासाठी ब्रिटिशांनी ती लादली, असे सर्रास सांगितले जाते. तथापि २३ ऑगस्ट १८८७ च्या ब्रिटिश व्यापारचिन्ह कायद्यात जर्मनीचा नामनिर्देश नाही. परदेशी मालावर ब्रिटिश उत्पादकाचे नाव वा चिन्ह असल्यास त्यालगत खऱ्या देशाचे नाव घालावे, एवढाच त्याचा रोख होता. इंग्लंडमधील शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या कारागीरसंघाला १६२४ पासून कायद्याचे अधिष्ठान होते आणि मुठीलगत पात्यावर ठोकलेला शिक्का हीच गिऱ्हाइकाला मालाची हमी वाटे. सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतील झोलिंगन शहराचे काही कारखानदार मात्र आपल्या स्वस्त सुऱ्यांवर शेफील्डचेच नाव ठोकीत. त्यामुळे बदनामीचा हेतू तक्रारदारांचा असेल, कायद्याच्या शब्दांत तो दिसत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. (पुढे १९३८ मध्ये झोलिंगनलाही स्वतःच्या नावासाठी कायदेशीर संरक्षण घ्यावे लागले.) हिंदुस्थानात याच धर्तीचा कायदा १८८९ मध्ये झाला.

माल हलका होता, हे जर्मनांनाही अमान्य नव्हते. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातून फ्रान्ट्‌स रॉइलो या बर्लिनच्या यंत्रशास्त्रज्ञाने देशबांधवांच्या मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटले व मोठा गदारोळ उठला. पुढील सुधारणेचे श्रेय बहुधा या टीकेला दिले जाते. १८७७ चा एकस्व (पेटंट) कायदा, तांत्रिक विद्यालये आणि रंगकारखान्यांतील संशोधनशाळा यांचा वाटा त्याहून मोठा असावा. पहिला कृत्रिम अनिलीन रंग १८५६ मध्ये लंडनमध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या हाती लागला, पण तो उद्योग वाढला जर्मनीत. १८९७ मध्ये तेथून आलेल्या कृत्रिम निळीने हिंदुस्थानातील निळीचा व्यापार खालावला.

अभिकल्पाच्या (डिझाइनच्या) क्षेत्रात १९०७ मध्ये म्युनिक येथे १२ कलावंत व १२ उद्योगसंस्थांनी ‘वेर्कबुंड’ हा कलावंत व उद्योगांचा संघ स्थापन केला. निर्यातीसाठी प्रमाणित नमुने हवेत की कलावंताला मोकळीक, यावर १९१४ मध्ये कोलोन येथे प्रमाणित नमुन्यांचा पुरस्कर्ता जर्मन वास्तुविद मुटेझिउस व कलावंताच्या मोकळीकीचा पुरस्कर्ता बेल्जियन वास्तुविद फान डे व्हेल्डे यांच्यात उघड वाद झाला. ब्रिटनने १९१५ मध्ये, ऐन युद्धात, शत्रूच्या याच संस्थेच्या धर्तीवर आपली संस्था काढली.

ही खूण आज ऐच्छिक आहे. मालाला त्याचा विशेष गुण देणारे टप्पे जर्मनीत पार पडले की नाही, हे वाद उद्भवल्यास न्यायालये पाहतात. २०११ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे निकाल लागलेला असा एक खटला जेवणाच्या सुऱ्या-काट्यांचाच होता.