प्रीती, ख्रिस्ती

प्रीती, ख्रिस्ती : परतफेडीची अपेक्षा न धरता, समोरच्याची योग्यता न पाहता त्याचे भले करणे व त्यासाठी स्वतः झीज सोसणे, या अर्थाची ख्रिस्ती धर्मातील संज्ञा आणि आचार. मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’, लॅटिन पर्याय ‘कारितास’. मराठी बायबलमध्ये ‘प्रीती’ रूढ आहे. गोवा-सिंधुदुर्गाकडील कोकणी प्रार्थनांत ‘मोग’ येतो.

शब्दाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ख्रिस्तपूर्व ग्रीक वाङ्मयात ‘अगापान’ (प्रीती करणे) हे क्रियापद पुष्कळदा येते, ‘अगापे’ हे नाम मात्र विरळ. म्हणून ते ख्रिस्ती लेखकांनीच घडवले, असे पूर्वी मानले जाई. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ आंडर्स नीग्रेन यांनी १९३० च्या दशकात ‘अगापे’ (देणारे प्रेम) आणि ‘एरॉस’ (मिळवू पाहणारे प्रेम) यांत काटेकोर भेद केला. मात्र जुन्या कराराच्या (बायबलच्या पहिल्या भागाच्या) ख्रिस्तपूर्व काळात झालेल्या ग्रीक भाषांतरात शेजाऱ्यावरील प्रीतीसाठी (लेवीय १९:१८) जे क्रियापद आहे, तेच दावीद राजाचा मुलगा अम्नोन याच्या सावत्र बहीण तामारेविषयीच्या वासनेसाठीही (२ शमुवेल १३) वापरले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारतो. तेथे ‘अगापान’ व ‘फिलेइन’ (माया, स्नेह करणे) ही क्रियापदे आलटूनपालटून येतात, आणि त्या बदलाला खास अर्थ आहे की ती केवळ शैली आहे, याचा निर्णय झालेला नाही. शब्द मुळात पवित्र नव्हता, वापराने त्याला वजन आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा वापर सर्वांत स्पष्ट दिसतो तो नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (बहुधा इ. स. ५३–५५). तेराव्या अध्यायाच्या ४ ते ७ या ओव्यांत ग्रीकमध्ये १५ क्रियापदे आहेत. मराठीत त्यांपैकी काहींची ‘सहनशील आहे’, ‘परोपकारी आहे’ अशी विशेषणे झाल्याने प्रीती हा स्वभाव वाटू लागतो. पौलाला कृती अभिप्रेत आहे. ‘अपकार स्मरत नाही’ यामागचे क्रियापद हिशेबाचे आहे : दुसऱ्याची चूक त्याच्या खात्यावर न मांडणे.

कोकण किनाऱ्यावर ही शिकवण पोर्तुगीज काळात कॅथलिक मार्गाने आली (वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली). फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ च्या सुमारास बाणकोटला काम सुरू केले. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे.

आचारात आजारी माणसाजवळ बसणे, दुःखाच्या घरी पेज-भात पोचवणे, म्हाताऱ्यांना मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) नेणे ही कामे नेहमीची आहेत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोळी कुटुंबांचा हात आखडतो; तेव्हा उसने देऊन तगादा न लावणे हीही प्रीतीच. धर्मग्रामातील (एका चर्चच्या हद्दीतील समाजातील) संघटित मदतीचा एक जुना नमुना म्हणजे पॅरिसमध्ये १८३३ मध्ये फ्रेदेरिक ओझानाम व सहकाऱ्यांनी स्थापलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. तिचे सभासद दोघे-दोघे गरजूच्या घरी जातात, आधी ऐकून घेतात, मग धान्य, औषध की शाळेची फी हे ठरवतात. कुटुंबाचे नाव बाहेर जात नाही. सभेतील गुप्त वर्गणीमुळे कोणी किती दिले हे कळत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात राखेच्या बुधवारी (त्याचा पहिला दिवस) व शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे; १८ ते ५९ वयाच्यांना उपवास, १४ पासून मांसत्याग) वाचलेला खर्च गरिबांसाठी काढण्याची शिकवण आहे.

भांडण मिटवण्याचा क्रम मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८:१५–१७) दिला आहे : आधी एकट्याने जाऊन बोलावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत घ्यावे, तेही फसले तर मंडळीपुढे न्यावे. गावात तो बहुतेकदा उलटा चालतो. गोष्ट आधी पारावर पोचते, मग ज्याची चूक झाली त्याच्या कानी जाते, आणि तोवर तो अपमानाने इतका दुखावलेला असतो की समेट अवघड होतो.

चुका ठरलेल्या आहेत. फोटो काढून दिलेली मदत घेणाऱ्याला खाली पाहायला लावते. मत्तय ६:३ मध्ये डाव्या हातालाही कळू न देण्याची आज्ञा आहे. दारूचे व्यसन असलेल्या घरात रोख दिली की ती चुलीपर्यंत पोचत नाही, म्हणून तेथे धान्य द्यावे किंवा फी थेट शाळेत भरावी. मदतीला प्रार्थनासभेची अट जोडली की ती आमिष ठरते. मदत आपल्याच वाडीपुरती, जातीपुरती राहणे हा दोष जुना आणि सर्वांत खोल. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०) वाटेवरील जखमी माणसाकडे थांबणारा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परकाच होता. नवऱ्याची मारहाण सोसत राहणे म्हणजे प्रीती, हा समज मात्र चुकीचा आहे : प्रीती अन्यायात आनंद मानत नाही, असे पौल त्याच अध्यायात म्हणतो. अशा वेळी बाईला सुरक्षित जागी नेणे आणि पोलिसांपर्यंत सोबत जाणे हे शेजाऱ्याचे काम आहे.