कंपवातातला घाम: नावात न मावलेलं लक्षण

रात्री अडीचच्या सुमाराला बाबांची हाक यायची. दिवा लावावा तर उशीचा अभ्रा ओलाचिंब, बनियन पाठीला चिकटलेलं, मानेवरून ओघळ. तळहात मात्र कोरडे. बाहेर डिसेंबरची थंडी. पहिल्यांदा आम्ही साखर उतरली समजून पाण्यात ग्लुकोज कालवलं, मग बीपी पाहिलं. बाबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार आहे; पण त्याचा घामाशी संबंध कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. याचं एक कारण मला आजाराच्या नावातच दिसतं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून आपला निबंध लिहिला. थरथरीबरोबरच लाळ गळणं, बद्धकोष्ठ, झोपमोड हेही त्यांनी टिपलं होतं. पण नाव पडलं ते ‘शेकिंग पाल्सी’, म्हणजे थरथरता लकवा. आपल्या ‘कंपवाता’तही पुढे आला तो कंपच.

पुढच्या पिढीत पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या नावाला हरकत घेतली. सगळेच रुग्ण थरथरत नाहीत, म्हणून पार्किन्सन यांचंच नाव द्यावं, असा त्यांचा आग्रह होता. घामाच्या आणि उष्म्याच्या तक्रारीही त्यांनी मनावर घेतल्या. ऐन थंडीत हे रुग्ण पांघरूण भिरकावतात, पातळ कपड्यांत बसतात. थर्मामीटर लावला तर ताप नाही. दीडशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचताना मला आमचीच खोली दिसली.

शार्को यांच्या औषधांत हायोसायमिन होतं, खुरासनी ओव्याच्या कुळातलं. घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंचा निरोप पोचतो तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत, आणि हे औषध नेमकं त्यालाच अडवतं. म्हणजे थरथरीसाठी दिलेलं औषध लाळ आणि घामही आटवत होतं. पुढे आलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिल या गोळीचंही तेच. पण म्हातारपणी या गोळ्यांनी विसराळूपणा वाढतो, लघवी अडते, आणि घामच न आल्यामुळे उन्हाळ्यात अंग तापतं. घामावरचा उपाय म्हणून त्या आपल्या मनाने कुणी सुरू करू नयेत.

१९६७ मध्ये डॉक्टर कोट्झियास यांनी लेव्होडोपा या औषधाचा मोठा डोस देऊन रुग्णांना चालतं केलं आणि आजाराचं रूपच पालटलं. त्याबरोबर ‘ऑन’ (गोळीचा असर असतानाचा काळ) आणि ‘ऑफ’ (असर ओसरल्यावरचा) हे शब्दही रुग्णांच्या घराघरांत आले. घाम या चढउताराशी बांधलेला आहे हे हळूहळू लक्षात आलं. गोळीचा असर ओसरला की अंग निथळतं. असर चढून हातपाय आपोआप वळवळू लागले तरी तसंच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६४ टक्के रुग्णांनी घामाच्या तक्रारी सांगितल्या. आजार नसलेल्यांत हे प्रमाण १२.५ टक्के होतं.

मुळाचा शोध वेगळ्या वाटेने लागला. फ्रिट्झ लेवी यांना १९१२ मध्ये रुग्णांच्या मेंदूच्या पेशींत गोलसर गाठी दिसल्या. त्या अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या असतात हे कळायला १९९७ उजाडलं. पुढे तेच प्रथिन त्वचेत, घामाच्या ग्रंथींना वेढणाऱ्या बारीक मज्जातंतूंतही सापडलं. काही रुग्णांत हातापायांचा घाम घटतो आणि त्याची भरपाई चेहरा, मान, छाती करतात. बाबांचे कोरडे तळहात मला तेव्हा उमगले.

एका बाबतीत मात्र थांबून चालत नाही. गोळ्या अचानक बंद झाल्या आणि घामासोबत सणकून ताप आला, अंग लाकडासारखं ताठरलं, गोंधळ सुरू झाला, तर तडक रुग्णालय गाठायचं. यात जीव जाऊ शकतो.

आम्ही वही घातली. एका रकान्यात गोळीची वेळ, दुसऱ्यात घामाची. पंधरा दिवसांत कळलं की शेवटची गोळी नऊला आणि घाम अडीचला. थायरॉइड, साखर, जंतुसंसर्ग, इतर औषधं यांची शहानिशा करून डॉक्टरांनी रात्रीच्या गोळीचा प्रकार आणि वेळ बदलली. तीन बनियनं लागायची, तिथे आता बहुतेक रात्री एकावर भागतं. उशाशी पाण्याचा तांब्या आणि कोरडा पंचा मात्र अजून असतो.