संप्रेरक किती, याआधी केव्हा

पाळी लांबली, वजन वाढले, चेहऱ्यावर राठ केस दिसू लागले की 'हार्मोनचे असंतुलन' हे शब्द लगेच कानावर पडतात. ते चुकीचे नसतात, पण 'ताप आला आहे' एवढ्या विधानातून जितके कळते, तितकेच त्यांतून कळते. कोणते संप्रेरक (म्हणजेच हार्मोन), कोणत्या ग्रंथीचे आणि पाळीच्या कोणत्या टप्प्यावर बिघडले, हे कळल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही. त्यातही 'केव्हा' हा प्रश्न बहुतेकदा विचारलाच जात नाही.

पाळीचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपासून सुरू होते. तेथून जीएनआरएच नावाचे संप्रेरक सलग न पाझरता ठरावीक अंतराने स्पंदांच्या रूपात सुटते. पाळीच्या पूर्वार्धात साधारण तासा-दीड तासाला एक स्पंद, तर स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर त्याहून बऱ्याच मोठ्या अंतराने. त्याला प्रतिसाद म्हणून पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके सोडते आणि या दोघांच्या प्रभावाखाली अंडाशयात स्त्रीबीज पक्व होते, इस्ट्रोजेन व पुढे प्रोजेस्टेरॉन तयार होते. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ऱ्हीसस माकडिणींवरील प्रयोगांतून या तालाचे महत्त्व दाखवून दिले. हायपोथॅलॅमसचा संबंधित भाग निकामी केलेल्या या माकडिणींना जीएनआरएच तासातासाने दिले, तेव्हा पिट्युटरीचे काम पूर्ववत सुरू झाले; मात्र तेच संप्रेरक अखंड देत राहिल्यावर ते काम मंदावले. पदार्थ तोच असूनही केवळ देण्याच्या पद्धतीमुळे परिणाम उलटा झाला. एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकारात) अंडाशयाचे काम काही काळ थांबवण्यासाठी दिली जाणारी काही इंजेक्शने याच तत्त्वावर चालतात.

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या सर्वपरिचित विकारातही हा ताल बिघडलेला असतो. स्पंद जलद होतात, त्यामुळे एफएसएचच्या मानाने एलएच अधिक स्रवते आणि अंडाशयात अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी म्हणून ओळखली जाणारी संप्रेरके वाढतात. त्यात अनेकींच्या शरीरात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी झालेला असतो, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला आणखी अँड्रोजेन बनवायला लावते आणि अँड्रोजेनला रक्तात बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे यकृतातील उत्पादनही घटवते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या 'गाठीं'मुळे घरोघरी घबराट होते, त्या वास्तविक गाठी नसून वाढ अर्धवट थांबलेल्या स्त्रीबीजांच्या पुटिका असतात. त्या शस्त्रक्रियेने काढून टाकायच्या नसतात, आणि केवळ त्या दिसल्या म्हणून प्रौढ स्त्रीला पीसीओएस आहे असेही ठरत नाही. अनियमित पाळी, अँड्रोजेनचे आधिक्य आणि अंडाशयाचे विशिष्ट रूप या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी आढळाव्या लागतात, शिवाय इतर कारणे वगळावी लागतात.

उपचार कोणाला काय हवे आहे यावर ठरतो. अनेक महिने स्त्रीबीज बाहेर पडले नाही, तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर एकट्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली वाढत राहते आणि कालांतराने त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून 'पाळी येत नाही, बरेच झाले' असे म्हणून स्वस्थ बसणे योग्य नाही. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या किंवा ठरावीक काळाने दिलेले प्रोजेस्टेरॉनसारखे औषध त्या अस्तराचे रक्षण करते. गर्भधारणा हवी असेल, तर स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. वजन जास्त असेल, तर ते 5 ते 10 टक्क्यांनी घटल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. चेहऱ्यावरील केसांवर मात्र औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, आणि तेवढा धीर न धरता औषध बदलत राहण्याने काहीच साधत नाही.

याच्या अगदी उलट स्थिती अपुरा आहार, अतिव्यायाम किंवा तीव्र ताण यांमुळे येते. तेथे स्पंद मंदावतात आणि पाळी बंद होते. गोळ्यांनी रक्तस्राव पुन्हा सुरू करता येतो, पण मूळ बिघाड तसाच राहतो आणि हाडांची झीजही त्याने भरवशाने थांबत नाही. येथे खरा उपचार म्हणजे पुरेसे खाणे आणि शरीराला विश्रांती देणे.

पाळी चुकल्यावर सर्वांत आधी गर्भधारणा नाही ना, हे पाहावे, आणि त्यानंतर थायरॉइड व प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध तयार करवणारे संप्रेरक) तपासावे. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडत असेल, तर लिव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यावे, लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचे अंतर ठेवावे आणि मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) पुन्हा पाहावे. प्रोलॅक्टिन काही मानसोपचाराच्या व उलटीच्या औषधांमुळेही वाढते, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांनी विचारली नाही तरी त्यांना दाखवावी. स्त्रीबीज बाहेर पडले की नाही हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी अपेक्षित असते त्याच्या सुमारे सात दिवस आधी मोजतात. 35 दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीचे रक्त 21 व्या दिवशी घेतले, तर निकाल विनाकारण कमी येतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेल्या तपासण्याही दिशाभूल करतात. सगळी संप्रेरके एकदम मोजणाऱ्या महागड्या तपासण्यांचा मला म्हणूनच फारसा भरवसा वाटत नाही.

रजोनिवृत्तीच्या आसपास तर एकच आकडा जवळजवळ निरर्थक ठरतो, कारण त्या वर्षांत एफएसएच आठवड्या-आठवड्याला वर-खाली होते; पंचेचाळिशीनंतर निदान लक्षणांवरूनच केले जाते. उपचारातही वेळेलाच महत्त्व आहे. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाने 2002 मध्ये संयुक्त (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनसारखे औषध एकत्र असलेल्या) संप्रेरक-उपचाराने स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढतात असे जाहीर केले आणि जगभरातील असंख्य स्त्रियांनी औषधे सोडली. त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय मात्र 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास, तीव्र लक्षणे असलेल्या निरोगी स्त्रीसाठी फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो, असे आज मानले जाते. पूर्वी स्तनांचा कर्करोग झालेल्यांना हा उपचार सामान्यतः दिला जात नाही, आणि गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते.